हौसाक्कांचा पावसाळा

हौसाबाई शंकर सोनवणे. ज्या माणसाचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्याचं नाव आधीच लिहून टाकतो. आईवडिलांची गोष्ट वेगळी. सणसरच्या शाळेतल्या गुरुजींचेही पुष्कळ आहेत. पण इंजिनिअर म्हणून मी जो काही झालो तो ज्या बाईमुळे झालो, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. कागदावर ती अंगठा उठवायची आणि शाई लुगड्याला न पुसता भिंतीला पुसायची.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. वडील सणसरला कालव्याच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो करायचे आणि गुरुवारी बारामतीच्या बाजारात घेऊन यायचे. मी सिव्हिलची पदवी घेऊन परतलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नोकरी नव्हती. बारामतीत भिगवण रस्त्याला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर खोली घेऊन मी ‘अभियंता व सल्लागार’ अशी पाटी लावली. वडिलांनी पाटीपुढे नारळ फोडला. पुढचे दोन महिने माझ्या ड्रॉइंग बोर्डावर पिठाशिवाय काही पडलं नाही. जिना चढून जे कोणी यायचे, ते खालची गिरणी कधी सुरू होणार एवढंच विचारायचे.

म्हणून त्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी मान वर न करताच म्हणालो, ‘‘लाइट चारला येणार आहे.’’

‘‘येऊ द्या की. आमाला काय अंधारात बसायचं हाय?’’

दारात एक पन्नाशीची बाई उभी होती. काळीसावळी, उंच, ताठ मानेची. नऊवारीचा काष्टा आणि कमरेला खोचलेली कापडाची चुंबळ. डोक्यावर ओझं नसताना चुंबळ बाळगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘‘इंजिनेर तुमीच व्हय?’’

‘‘हो.’’

‘‘नगरपालिकेला नकाशा लागतो म्हणं. काढून द्या.’’

‘‘कुठलं घर आहे? बांधलेलं का पडीक?’’

‘‘पडकं. उभं घर मी घेतच न्हाय.’’

हौसाक्का आणि त्यांचे मालक शंकरतात्या यांचा धंदा असा होता. बारामतीच्या आणि इंदापूरच्या जुन्या गल्ल्यांतली दोन-तीन खोल्यांची मोडकळीला आलेली घरं घ्यायची, नीट करायची आणि विकायची. आता या धंद्याला मोठी नावं आहेत, गुळगुळीत कागदावरच्या जाहिराती आहेत. तेव्हा लोक एवढंच म्हणायचे, ‘‘हौसाक्का घरं उठवती.’’ आजारातून माणूस उठवावा तसं.

तात्या गवंडी. त्यांचा हात असा, की ओळंबा लावायची गरज पडू नये. कानाने कमी आणि बोलायला त्याहून कमी. दिवसाला एखादं वाक्य. माल निवडण्याचं सगळं काम आक्कांचं. वीस-बावीस वर्षं त्यांनी बिगारी केली होती. कालव्याच्या कामावर, कारखान्याच्या गोदामावर, डॉक्टरांच्या बंगल्यांवर. विटा, वाळू, खडी, चुना, सगळं डोक्यावरून गेलेलं. ‘‘हातात घेतलं की वजन कळतं,’’ त्या म्हणायच्या, ‘‘आन डोक्यावर घेतलं की गुण कळतो.’’

मला हे बोलणं बायकी वाटायचं. तेव्हा मी नवा पदवीधर होतो.

एकदा त्या मला माळेगावच्या रस्त्यावर एका वीटभट्टीवर घेऊन गेल्या. भट्टीवाला पाहुण्यारावळ्यासारखा बोलका.

‘‘आक्का, औंदा इंजिनेर आणलाय जणू बरूबर! आता तरी डोकं बाजूला ठिवा तुमचं.’’

‘‘तुमी ठिवलंय की बाजूला,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘इटा बगूनच कळतंय.’’

त्यांनी वेगवेगळ्या थरांतून तीन विटा काढल्या, चुंबळ डोक्यावर ठेवली, एकेक वीट तिच्यावर ठेवून चार पावलं चालल्या. मग तिन्ही विटा हौदात बुडवल्या. आम्ही चहा प्यालो, भट्टीवाल्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलणं झालं, ऊन कललं. मग विटा बाहेर काढून पुन्हा डोक्यावर. तिसऱ्या विटेला त्या थांबल्या.

‘‘ही पोटभर प्याली. ही इट न्हाय, रांजण हाय. ह्या थरातलं नको.’’

वीट किती पाणी पिते याची परीक्षा आम्हाला कॉलेजात होती. कोरडी तोलायची, चोवीस तास भिजवायची, पुन्हा तोलायची. मी त्या तीन विटा पिशवीत घालून घेऊन आलो आणि गिरणीतल्या काट्यावर सगळं रीतसर केलं. तिसरी वीटच नापास झाली. आणखी दोन भट्ट्यांवर मी असंच चोरून तपासलं. त्यानंतर तपासायचं सोडून दिलं.

आक्कांचा सगळ्यात मोठा नियम बैलगाडीचा होता. सकाळी निघालेली गाडी माल भरून सांजेच्या आत परत येईल, तेवढ्या टापूतलाच माल घ्यायचा. विटा माळेगावच्या बाजूच्या, वाळू नदीची, चौकटीला बाभळ नाहीतर कडुलिंब. बाभळीचं लाकूड त्या पळसदेवच्या बाजूला उजनीच्या पाण्यात दोन-तीन महिने बुडवून ठेवायला लावायच्या. त्याने आतला रस निघून जातो आणि भुंगा लागत नाही. चुना बैलाच्या घाणीवर मळलेला, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. आणि राख. कारखान्याच्या बॉयलरची, उसाच्या चिपाडाची राख. चिमणीखाली तिचे ढीग पडलेले असत आणि कोणी नेली तर कारखान्याचे लोक उलट आभार मानत. चुन्यात ती राख मिसळली की गिलावा असा धरायचा, की नखाने ओरखडा निघू नये.

मी एकदा त्यांना पेचात पकडायला गेलो. ‘‘आक्का, मग ही शहाबादी फरशी कशी चालते तुम्हाला? ती तर कुठून लांबून येते.’’

पाडकामातून निघालेली जुनी फरशी होती. वरून झिजलेली. तात्या ती उलटी करून, घासून बसवत होते.

‘‘ती आली तवा आली,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘लगीन हून आलेल्या बाईला काय जन्मभर पाव्हणी म्हणायचं? आता ती हितलीच.’’

तात्यांनी मान हलवली. त्यांचं त्या दिवसाचं वाक्य तिथंच मिळालं, ‘‘खालची बाजू नवी असती.’’

पर्यावरण हा शब्द मी आक्कांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पुढे नोकरीत मला अशा सामानाच्या वापराविषयी एका शिबिराला पाठवलं. पडद्यावर चित्रं दाखवत होते. जुना माल पुन्हा वापरा, जवळचा माल वापरा, कारखान्याचं टाकाऊ वापरा. मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. शेजारचे साहेब म्हणाले, ‘‘कंटाळलात काय?’’ कंटाळलो नव्हतो. आक्का दिसत होत्या.

त्यांचा हिशेब साधा होता. ‘‘आपलं घर घेणार कोण? शाळंचा शिपाई, टपालवाला, नर्सबाई. त्यास्नी परवडलं पायजे. आन त्यांच्या नातवापत्तूर टिकलं पायजे. दोन्ही जमत नसंल तर आपण कशाला मधी?’’

आता पावसाळ्याची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्यावर आलेलं आहे.

घर नीट करून झालं, रंग दिला, गिऱ्हाईक दारात उभं असलं, तरी आक्का ते लगेच विकत नसत. आधी एक पावसाळा त्या स्वतः त्या घरात राहायच्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत. आमच्याकडे पाऊस तसा बेताचा, पण परतीचा येतो तेव्हा झोडपून काढतो. तो अंगावर घेतल्याशिवाय घर खरं की खोटं कळत नाही, असं त्या म्हणायच्या. एक ट्रंक, एक स्टोव्ह, दोन वाकळा, चार भांडी, एवढंच सामान. नव्या घरात गेल्या की पहिली खुंटी ठोकायच्या आणि तिला बाबासाहेबांचा फोटो लावायच्या. घर विकलं की सगळ्यात शेवटी तो फोटो काढायच्या. रोज सकाळी, तोंड धुवायच्याही आधी, प्रत्येक भिंतीला खालपासून वरपर्यंत तळवा लावून पाहायच्या. ओल कुठे चढते, कुठे थांबते, सगळं तळव्यात. दसऱ्याला सांगायच्या, ‘‘ह्याचा पावसाळा निघाला.’’ मग घर विकायला मोकळं.

त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी कितीतरी घरं उठवली आणि स्वतः मात्र कुठेच राहिल्या नाहीत. दर वर्षी नवं घर, नवी गल्ली, नवे शेजारी. पोस्टमन वैतागायचा.

त्या फोटोवरून एकदा बारामतीत एक प्रसंग झाला. घर पाहायला एक गृहस्थ आले होते. कपाट, मोरी, माळा, सगळं पसंत पडलं. मग नजर फोटोवर गेली आणि चेहरा जरा बदलला.

‘‘इथे आधी कोण राहत होतं?’’

‘‘पावसाळाभर मी राहत हुते.’’

‘‘नाही, तसं काही नाही. आमचे वडील जुन्या वळणाचे आहेत. गोमूत्र वगैरे शिंपडून घ्यावं लागेल.’’

आक्का शांतपणे भिंतीकडे वळल्या. ‘‘शिंपडा की. चुन्याची भित हाय, पिऊन टाकंल. शिमिट असतं तर डाग पडला असता.’’ मग ट्रंकेवर बसत म्हणाल्या, ‘‘पर हे घर न्हाय तुमाला मिळायचं. तुमाला ते पसंत हाय, त्याला तुमी न्हाय.’’

ते घर पुढे एका टपालवाल्याने घेतलं. त्याने खुंटी तशीच ठेवली आणि तिला छत्री लावू लागला.

प्रत्येक घरात ट्रंकेच्या बाजूला गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तू भिंतीला टेकून उभी असायची. मी वर्षभर पाहत होतो, विचारलं नव्हतं. एकदा तात्या गोणपाट सोडून तिला जवसाचं तेल लावत होते तेव्हा दिसलं, दाराची चौकट. कडुलिंबाची, साधी, हाताने तासलेली. उंबऱ्याचा मधला भाग पावलांनी खोलगट झालेला.

आक्का जुन्या पळसदेवच्या. उजनी धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गावाने आपापली घरं हाताने सोडवली. ‘‘तुळया, वासे, दगड, जे उचललं ते आणलं,’’ त्या सांगायच्या. ‘‘सासऱ्यांनी बांधलेलं घर आमी दोघांनी आठ दिसांत उतरवलं. घर कसं बांधत्यात ते मला त्याच आठ दिसांत कळलं, इंजिनेर. बांधताना कुणी सांगत न्हाय. सोडवताना समदं दिसतं. कुठली काडी कुणाच्या जिवावर उभी हाय ते.’’

बाकीचं सामान कुठे कुठे गेलं. चौकट राहिली. पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं. आक्का काठावर उभ्या राहून मला हाताने दाखवायच्या, ‘‘त्या शिखराच्या डाव्या अंगाला, हाकंच्या अंतरावर. तितं आमचं दार.’’ तिथे चिखल असायचा आणि कोळ्यांच्या होड्या.

‘‘मग एखाद्या घराला बसवून टाका की,’’ मी म्हणालो.

‘‘इकायच्या घराला कशी बसवायची?’’

चौथ्या-पाचव्या वर्षी ती चौकट बसली. इंदापुरात एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं होतं. मागे कडुलिंब, पुढे दोन हात ओटा. या वेळी काम करताना आक्का गाणं गुणगुणायच्या. दाराचं भगदाड तात्यांनी आधी चौकटीच्या मापाने नीट केलं, मग चौकट उभी केली. एका सुताचाही फरक नव्हता. आक्कांनी उंबऱ्याच्या खोलगट जागेवर पाय ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘हे न्हाय इकायचं.’’

एवढं सांगून लगेच पुढे म्हणाल्या, ‘‘पर पावसाळा काढल्याबिगर माझं म्हणायचं न्हाय. नेम म्हंजी नेम.’’

त्याच उन्हाळ्यात माझ्या हातून चूक झाली.

दोन गल्ल्या अलीकडे आमचं दुसरं घर तयार होत होतं. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात शालन सिस्टर होत्या. वडिलांना घेऊन एका भाड्याच्या खोलीत राहत. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना दमा होता. धाप लागली की उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचे आणि म्हणायचे, ‘‘घाट चाललाय, सिस्टर. फस्ट गिअर.’’ मुलीलाही ते सिस्टरच म्हणत. त्यांची खोली अंधारी आणि ओलसर, वर घरमालकाने पावसाच्या आत सोडायला सांगितलेली. सिस्टरना ते घर हवं होतं आणि लगेच हवं होतं.

‘‘दसऱ्याला या,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘पावसाळाभर हितल्या भितींना बी रोज येऊन हात लावायचा हाय.’’

सिस्टरचे डोळे भरले. मला राहवलं नाही. ‘‘आक्का, मी लिहून देतो. मी इंजिनिअर आहे. या भिंतींना काही होणार नाही.’’ आणि मी खरोखरच माझ्या छापील कागदावर लिहून दिलं, खाली शिक्का मारला. आक्कांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. वाचता येत नव्हतं, पण शिक्का दिसत होता. अण्णांकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून बटव्यात ठेवली. ‘‘इंजिनेर लिहून देतोय. माझ्या नेमापेक्षा शिक्षान मोठं असंल.’’

त्यानंतर आक्कांच्या मुलीच्या बाळंतपणासाठी त्या दोघांना दौंडला जावं लागलं. आतला गिलावा राहिला होता. चुना भिजत घातला होता, पण तो पिकायला अजून तीन आठवडे हवे होते, आणि नंतर सावकाश वाळायला वेगळे. सिस्टर रोज येऊन पाहून जात. मी सिमेंट आणलं. आठ दिवसांत गिलावा झाला. गुळगुळीत, सरळ, करकरीत. मला वाटलं, आक्का परत आल्यावर थक्क होतील.

त्या आल्या, भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ‘‘भित कोंडली, इंजिनेर,’’ एवढंच म्हणाल्या. तोवर सिस्टरचं सामान आत आलं होतं आणि अण्णा खिडकीत बसून शिट्टी वाजवत होते.

परतीच्या पावसाने गाठलं. खालून चढलेली ओल बाहेर पडायला जागा शोधत होती आणि मी सगळ्या वाटा सिमेंटने बुजवल्या होत्या. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीतल्या खाराचा पांढरा लोणा फुटला. मग गिलाव्याला फुगे आले. मग एके दुपारी अण्णांच्या खाटेमागचा परातीएवढा तुकडा सुटून खाली पडला. आतली माती चिखलासारखी झाली होती. खोलीत कुबट वास भरला आणि अण्णांचा घाट संपेना. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी तिथे गेलो. मी रस्ताभर बोलत होतो. रसायन मिळतं, पुण्याहून आणतो, वर एक थर दिला की झालं. आक्का ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. घरात अण्णा उशी धरून बसले होते. आम्हाला पाहून हसायला गेले आणि खोकला आला.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘आक्का, मी भांडायला बोलावलं नाही. मला काही परत नको. अण्णांना श्वास घेता आला पाहिजे, एवढंच.’’

‘‘सामान बांदा,’’ आक्का म्हणाल्या.

‘‘आणि जाऊ कुठे?’’

‘‘दोन गल्ल्या पलीकडं.’’

सिस्टरना समजायला वेळ लागला. मला लगेच समजलं.

‘‘नाही, आक्का. ते तुमचं घर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘त्याचा पावसाळा काल निघाला. कुठं टिपूस न्हाय. निघालेलं घर गिऱ्हाइकाला द्यायचं, ही माझी रीत. रीत एकदा मोडली. बगितलं न्हवं काय झालं ते?’’

बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘‘आक्का, चूक माझी आहे.’’

‘‘तू शिमिट लावलंस, ते तू तसं शिकलेला म्हणून. मी पावसाळा सोडला. ते मला कळत हुतं.’’ बटव्यातून त्यांनी माझा कागद काढला आणि माझ्या खिशात घातला. ‘‘हे तुझं. जपून ठिव.’’

तोवर त्या मला ‘तुमी’ म्हणायच्या. त्या दिवसापासून ‘तू’ आलं. मी इंजिनेर राहिलो नाही, दत्ता झालो. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पदवीच्या प्रमाणपत्रामागे, त्याच फाइलीत.

रजिस्ट्रारच्या कार्यालयात अदलाबदलीचा दस्त झाला. कारकुनाने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘बाई, कशावर अंगठा देताय ते कळलं ना?’’

‘‘कळलं. माझं त्यांना, त्यांचं मला.’’

‘‘दोन्ही घरं सारखीच आहेत का?’’

‘‘हुतील,’’ आक्का म्हणाल्या आणि अंगठ्याची शाई तिथल्या भिंतीला पुसली. कारकून ओरडला.

सामान हलवायच्या सकाळी तात्या पहार घेऊन आले. चौकट सोडवायला. मी मदतीला पुढे झालो. पहिला घाव घालणार तेवढ्यात आक्का आतून फोटो घेऊन बाहेर आल्या.

‘‘ऱ्हाऊ द्या ती.’’

तात्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी मोठ्याने सांगितलं. त्यांना गेलं होतं.

‘‘चौकट काढली की भित हालती,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘आण्णा झोपणार हायत त्या भितीला.’’

तात्यांनी पहार खाली ठेवली आणि ओट्यावर बसले. त्यांचं त्या दिवसाचं वाक्य आलं. ‘‘दोनदा बुडालं.’’

आक्का त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, ‘‘बुडालं न्हाय ओ. ह्या डावाला आत माणसं हायत.’’

समोरून अण्णा येत होते. सिस्टरच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात उशी. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी खाली पाहिलं, खोलगट जागेवर नेमका पाय ठेवला आणि आत गेले.

त्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या घराचं सिमेंट छिन्नीने काढलं. पहिल्या दिवशी राडारोड्याची पाटी भरली आणि मी गडी शोधायला निघालो. आक्कांनी कमरेची चुंबळ काढली आणि माझ्यापुढे धरली. रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही. एवढंच. मी ती डोक्यावर ठेवली, पाटी घेतली आणि भर इंदापुरात ओळखीच्या लोकांसमोरून ओढ्यापर्यंत गेलो. तिसऱ्या खेपेला मला कळलं की मातीचा राडा आणि सिमेंटचा राडा डोक्यावर वेगवेगळा बसतो. हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. आक्कांना सांगितलं तर त्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. ‘‘आता झालास पास.’’

पुढचा अख्खा पावसाळा त्या त्याच घरात राहिल्या. दसऱ्याला ते निघालं आणि एका शिपायाने घेतलं. स्वतःसाठी म्हणून आक्कांनी पुन्हा घर धरलं नाही. दर बुद्ध पौर्णिमेला मात्र त्या जवसाच्या तेलाची बाटली घेऊन इंदापूरला सिस्टरकडे जायच्या. पाऊस यायच्या आत चौकटीला तेल द्यायच्या, अण्णांबरोबर चहा प्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

मला सरकारी नोकरी लागली. खानदेशात. निरोप घ्यायला गेलो तेव्हा आक्का बारामतीत एका अर्ध्या उतरवलेल्या घरात दगडावर खिळे सरळ करत बसल्या होत्या. वाकडे एका डब्यात, सरळ दुसऱ्या डब्यात.

‘‘ऱ्हायला घर देत्यात का सरकार?’’

‘‘क्वार्टर मिळेल.’’

‘‘भितीला हात लावून बग. मग सामान उतरीव.’’ मी पाया पडलो. त्यांनी खिळ्यांनी काळा झालेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच क्षणभर दाबून धरला, भिंत तपासताना धरायच्या तसा. ‘‘घर बांदशील तवा कळीव.’’

त्या दिवशी एसटी गावातून फिरून निघाली तेव्हा त्या मला पुन्हा दिसल्या. रस्त्याच्या कडेने जात होत्या. डोक्यावर जुन्या कौलांची पाटी, पाटीला हात नाही. मान ताठ. आणि मोकळा उजवा हात शेजारच्या भिंतींवरून फिरत होता. एका घराची संपली की दुसऱ्याची, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी खिडकीतून हाक मारली. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही.

पाच वर्षांनी माझी बदली पुणे जिल्ह्यात झाली. सणसरच्या रानात मी घर बांधलं. ते पुरं झालं तेव्हा आक्कांना पत्र लिहिलं. त्यांचा पत्ता कुणालाच सांगता येत नव्हता, म्हणून शालन सिस्टरच्या पत्त्यावर पाठवलं. सरकारी सवयीने कार्बन घातला होता. ती प्रत ही.

*

सणसर

तीर्थरूप हौसाक्का यांस दत्ताचा सविनय जय भीम.

शालन सिस्टर, हे पत्र आक्कांना सावकाश वाचून दाखवावे. दोनदा वाचावे, ही विनंती.

आक्का, तुम्ही घर बांधशील तेव्हा कळव म्हणाला होतात. बांधलं आहे. दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर. विटा माळेगावच्या बाजूच्या. मी स्वतः डोक्यावर घेऊन पाहिल्या. भट्टीवाला हसत होता. पाच थर नाकारले. चुना चाळीस दिवस भिजवला. राख कारखान्यावरून आणली. फरशी बारामतीच्या एका पाडकामातली आहे. उलटी करून बसवली आहे, तात्यांना सांगा. सिमेंट फक्त पाण्याच्या हौदाला आहे. बाभळीची लाकडं पळसदेवला तीन महिने बुडवली होती. काढायला गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं. शिखराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहून आलो.

आईवडील आणि आमची मंडळी अजून जुन्या घरातच आहेत. वास्तू केलेली नाही. सगळे विचारतात, केव्हा जाणार. मी सांगितलं आहे की दसऱ्याला.

मृगाला पंधरा दिवस आहेत. तुम्ही आणि तात्या या. ट्रंक, स्टोव्ह घेऊन या. दसऱ्यापर्यंत राहा. भिंतींना रोज हात लावा. दसऱ्याला तुम्ही जे सांगाल ते आम्ही ऐकू. पावसाळा निघाला नाही म्हणालात तर पाटी मी उचलीन, चुंबळ शिवून ठेवली आहे. निघाला म्हणालात तर आम्ही राहायला येऊ, पण पडवीच्या बाजूची खोली आम्हाला नको आहे. तिचं दार वेगळं काढलं आहे. त्याला अजून चौकट नाही. तात्यांनी येऊन माप घ्यावं, कडुलिंब कापून ठेवला आहे.

एवढ्या घरात मी अजून काहीही लावलेलं नाही. देव नाही, कॅलेंडर नाही. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तुमच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर एक खुंटी ठोकली आहे. ती मोकळी आहे.

आपला,
दत्ता